ट्रेडिंग की गुंतवणूक, आधी ते ठरव
मित्रा, नवीन माणसाची पहिली गल्लत इथेच होते बघ, शेअर घेतो दोन दिवसांत विकायला आणि भाव पडला की म्हणतो जाऊ दे, लाँग टर्म ठेवू. मी असाच एक १४० ला घेतलेला ६० पर्यंत धरून बसलो होतो. ट्रेडिंग करायचं तर स्टॉपलॉस, म्हणजे किती भावाला तोटा मान्य करून विकायचं, ते शेअर घ्यायच्या आधीच ठरव, गुंतवणूक असेल तर कंपनीचा नफा नि कर्ज बघ आणि मग रोज भाव बघू नकोस.

- फ्युचर-ऑप्शन, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे करार, सध्या नकोच. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत यातले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले.
- टिप्स आणि उसने पैसे, दोन्ही बंद.

निफ्टीतल्या ५० मोठ्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या इंडेक्स फंडाची झेपेल तेवढी एसआयपी, म्हणजे दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक, आजच चालू कर, चार्ट वगैरे नंतर शिकू, घाई नाही.