माओमुळे नाही, पूल टेबलामुळे

तुमचा प्रश्न: सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधली रेड गार्ड पार्टी, म्हणजे चिनी-अमेरिकन पोरांची डावी संघटना, माओच्या विचारांतून निघाली का? नाही. ती निघाली जॅक्सन स्ट्रीटवरच्या 'लेवे' नावाच्या पूल हॉलमधून, म्हणजे बिलियर्ड्ससारखा पूल खेळायच्या अड्ड्यातून. शाळा सुटलेली, काम न मिळालेली चिनी पोरं तिथे पडून असायची आणि पोलीस त्यांना येता-जाता छळायचे. पलीकडे ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर, काळ्यांची लढाऊ संघटना, याच दंडेलीविरुद्ध उभे होते. पँथरांचा पुढारी बॉबी सील, त्याच्याशी ओळख झाली, पँथरांच्या दहा कलमी कार्यक्रमावर यांनी आपला बेतला आणि १९६९ च्या सुरुवातीला पार्टी जाहीर केली. पुढारी अ‍ॅलेक्स हिंग. माओचं लाल पुस्तकही पँथरांच्या अभ्यासवर्गांतच वाचलं.

हे मला तोंडपाठ आहे ते माझ्या मेहुण्यामुळे. फ्रीमाँटला गणपतीच्या जेवणात मोदकावर तूप ओतून घेत तो म्हणाला, "आपण एशियन लोक रस्त्यावर उतरत नाही, म्हणून पुढे गेलो." माझे वडील गिरणी संपातले. झोंबलंच मला. पुढच्याच रविवारी त्याला चायनाटाउनमधल्या पोर्ट्समथ स्क्वेअर चौकात नेलं. म्हातारे घोळका करून पत्ते कुटत होते. म्हटलं, बघ, त्या पोरांनी चायनाटाउनमधल्या अशाच म्हाताऱ्यांना फुकट जेवू घातलं. इथलं टीबी तपासणी केंद्र बंद होणार होतं, त्यासाठी भांडले. याचं सगळं लक्ष खालच्या गॅरेजमधल्या पार्किंगच्या पैशांवर. वर म्हणतो, "भावजी, हे चिनी. आपले कुठे?" मग मी वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे काढले. तेही अमेरिकेच्या याच किनाऱ्यावर गदरमध्ये, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या भारतीयांच्या पक्षात होते, आणि गदरचं मुख्यालय याच शहरात. त्यावर तो "भूक लागलीय" म्हणाला.

१९७१ मध्ये रेड गार्ड पार्टी न्यूयॉर्कच्या 'आय वोर कुएन' या तशाच एशियन-अमेरिकन गटात मिसळली. तो गटही १९६९ चाच.

हां, आणि माओवादी होते का, तर होतेच. ज्या चिनी रेड गार्डांचं, म्हणजे माओच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या तरुण टोळ्यांचं, नाव घेतलं त्यांनी तिकडे चीनमध्ये शिक्षकांना बडवलं होतं. त्याची भलामण मी करणार नाही.

वाचायचं तर आधी पँथरांबद्दल वाचा. मुंबईत १९७२ ला दलित पँथर उभी राहिली तीही त्यांच्याकडेच बघून. आणि एशियन गपगुमान राहिले असं कुणी म्हणालं, तर सॅन फ्रान्सिस्को स्टेट या विद्यापीठातला १९६८-६९ चा विद्यार्थ्यांचा संप त्याच्या तोंडावर मारा. काळ्या, लॅटिनो, एशियन पोरांनी मिळून केला, म्हणून तिथे एथनिक स्टडीजचं, म्हणजे अशा समाजांचा इतिहास-संस्कृती शिकवणारं, कॉलेज झालं. मेहुण्याची मुलगी हल्ली तोच विषय शिकते. फी तोच भरतो.