फारकत घेत नाहीत, लिहून देतात

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ब्रेक्झिटला, म्हणजे ब्रिटननं युरोपीय संघातून (ईयू) बाहेर पडण्याला, मराठीत 'काडीमोड' म्हणावं की 'फारकत'? आणि त्यावरून ब्रिटनमध्ये जे झालं, ती दुफळी की दुही?

काडीमोड मुळीच नाही. इतकी वर्षं बातम्यांचे मथळे ब्रिटनला युरोपशी काडीमोड घ्यायला लावताहेत, आणि दर वेळी मला चीड येते. पंचांसमोर काडी मोडली की नातं तिथल्या तिथे संपतं. इथे २३ जून २०१६ ला मतदान झालं, ५२ विरुद्ध ४८ टक्के असा निकाल लागला. मार्च २०१७ मध्ये ब्रिटनची संघाला नोटीस गेली, ३१ जानेवारी २०२० ला सदस्यत्व संपलं आणि सामाईक बाजारपेठ सुटायला त्या वर्षाचा ३१ डिसेंबर उजाडला. साडेचार वर्षं मोडत राहिली, तर ती काडी कसली?

शब्द हवा तो फारकतच. पण तोही आपण नीट वापरत नाही. 'अमक्या पक्षानं आघाडीशी फारकत घेतली' म्हणजे बैठकीतून उठून गेला, एवढाच अर्थ आता उरलाय.

फारकत हा मुळात कागद आहे! अरबी 'फारिग' म्हणजे मोकळा, सुटलेला. 'खत' म्हणजे लेख, दस्त. खरेदीखत, गहाणखत यांतलं तेच खत. फारिगखती, फारखती, फारखत आणि शेवटी फारकत. हिंदीत अजून फारखती आहे, गुजरातीत फारगती. कर्ज फिटलं की सावकारानं लिहून द्यायचं: तुझ्याकडे माझं आता काही येणं नाही. नवराबायको वेगळे होतात तेव्हाही हाच शब्द येतो, कारण प्रश्न तिथेही देण्याघेण्याचाच असतो. आमच्या घरी वाटणीचा एक जीर्ण कागद आहे. जमीन, बैलजोडी, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, तांब्याचा एक हंडा, सगळं एकेक करून मोजलंय आणि फारखत आली आहे ती अगदी शेवटच्या ओळीत. हंडा कुणाकडे ते ठरल्याशिवाय फारखत नाही.

काही जाणकार हा शब्द 'फुरकत'वरून आला असं ठासून सांगतात. फुरकत म्हणजे विरह, आपल्या 'फरक'चा भाऊबंद. गझलेत तो शोभतो. पण मग फारखतीतला 'ख' कुठून आला? 'फा' दीर्घ कसा झाला? आणि विरह कोणी कुणाला लिहून देतं का? अर्थ जुळतो म्हणून व्युत्पत्ती जुळवायची, ही खोड या मंडळींनी आता सोडावी. दस्तऐवज वाचावेत, शब्द तिथे भेटतात.

आता ब्रिटनकडे पाहा. देण्याचा हिशेब झाला, सुरुवातीचा अंदाज ३५ ते ३९ अब्ज पौंडांचा होता. त्यातला युरोपीय कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा वाटा अजून कित्येक वर्षं द्यायचा आहे. ब्रिटनच्या पाण्यात युरोपच्या बोटींनी मासे धरायचे, याची मुदत २०२६ मध्ये संपायची होती. मे २०२५ मध्ये ती २०३८ पर्यंत वाढवली. हा विहिरीच्या पाळ्यांचाच प्रश्न, फक्त पाणी खारं. आणि उत्तर आयर्लंडच्या राजधानीत, बेलफास्टच्या दुकानात ग्रेट ब्रिटनहून आलेल्या मांसाच्या पाकिटावर 'नॉट फॉर ईयू' असा शिक्का असतो. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, पण त्याला लागून असलेला आयर्लंड देश संघातच राहिला. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता करारानंतर त्या दोघांच्या सीमेवर पुन्हा तपासनाकी नकोत, म्हणून मालाची तपासणी समुद्रकाठच्या बंदरांवर नेली. देश एकच, पण या काठावरून त्या काठावर माल न्यायला कागद लागतात. 'ब्रेक्झिट' या नावातच उत्तर आयर्लंड नाही; ग्रेट ब्रिटन म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स. हिशेब सगळ्यात जास्त अडला तो नेमका नावातून सुटलेल्या तुकड्यावर.

म्हणून माझं म्हणणं असं की ब्रिटन बाहेर पडलंय, पण फारकत अजून व्हायची आहे. मथळ्यांनी सध्या 'बाहेर पडणं' एवढंच लिहावं.

दुसरा प्रश्न राहिलाच. दुफळी. दुही मनात असते, दुफळीत दोन फळ्या समोरासमोर उभ्या दिसतात. इंग्लंड आणि वेल्सनं बाहेर पडण्याच्या बाजूनं कौल दिला. स्कॉटलंडनं ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडनं जवळपास ५६ टक्के मतांनी राहण्याच्या बाजूनं. स्कॉटलंडनं २०१४ मध्ये ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी ब्रिटनमध्येच राहायचं ठरवलं होतं. पुन्हा तसं मतदान घेण्याचा कायदा तिथली संसद स्वतःहून करू शकत नाही, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. पण पुढेमागे स्कॉटलंड वेगळं झालंच, तर उत्तर समुद्रातलं तेल कुणाचं, पौंड कुणाचा, कर्ज कुणी किती फेडायचं, हे सगळं कागदावर येईल. त्या वेळी तरी मथळ्यात काडीमोड लिहू नका. ती भावाभावांची वाटणी असेल, आणि तिला फारखतच लागेल.