पदवीनंतर कॅनडात पीआर: आखणी प्रवेशापूर्वीच

सप्रेम आशीर्वाद.

कॅनडात शिकण्यासाठी तुझ्यासमोर दोन पर्याय आहेत, एका कॉलेजचा एक वर्षाचा सर्टिफिकेट अभ्यासक्रम आणि एका विद्यापीठाचे मास्टर्स, आणि यांपैकी कोणत्या वाटेने पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, मिळणे सोपे जाईल, असे तू विचारले आहेस. हा प्रश्न प्रवेश घेण्यापूर्वी विचारलास हे फार बरे केलेस, कारण पीआरसंबंधीचे बहुतेक महत्त्वाचे निर्णय पदवी हाती येण्याच्या पुष्कळ आधी होऊन गेलेले असतात.

पदवी मिळाली म्हणून कॅनडा कोणाला पीआर देत नाही. बहुतेकांच्या बाबतीत पदवी आणि पीआर यांच्यामध्ये कुशल कामाचा अनुभव असतो, आणि तो मिळवण्यासाठी पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करण्याचा परवाना, लागतो. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळते, म्हणून तुझी सारी आखणी त्याच्या मुदतीपासून सुरू झाली पाहिजे. अभ्यासक्रम आठ महिन्यांपेक्षा लहान असेल तर ते मिळतच नाही, आठ महिने ते दोन वर्षे असेल तर अभ्यासक्रमाइतक्याच मुदतीचे मिळते, आणि दोन वर्षे किंवा अधिक असेल तर तीन वर्षांचे मिळू शकते. मास्टर्स पदवीला फेब्रुवारी २०२४ पासून यात सवलत आहे: अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा लहान असला, तरी तीन वर्षांचे परमिट मिळू शकते.

आता तुझे दोन पर्याय शेजारी ठेवून बघ. एक वर्षाच्या सर्टिफिकेटनंतर तुला साधारण एक वर्षाचे परमिट मिळेल, आणि कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर पीआर देणाऱ्या कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास या योजनेसाठी कुशल कामाचा किमान एक वर्षाचा, म्हणजे १५६० तासांचा, अनुभव लागतो. नोकरी शोधण्यात तीन महिने गेले तरी हिशेब तिथेच कोलमडतो. शिवाय १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्यांना कॉलेजचा डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट घेताना अभ्यासाचा विषयही सरकारच्या यादीत असावा लागतो. बॅचलर्स, मास्टर्स आणि डॉक्टरेट पदव्यांना ही अट नाही. मास्टर्सची फी तुला जड वाटत आहे हे मी जाणतो, तरीही पीआर हेच उद्दिष्ट असेल तर मी निःसंकोचपणे मास्टर्सच निवडायला सांगेन.

अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे पत्र मिळाल्यापासून १८० दिवसांच्या आत वर्क परमिटसाठी अर्ज करावा लागतो. स्टडी परमिटची मुदत शिल्लक असतानाच तो केलास, तर निकालाची वाट पाहत असताना पूर्ण वेळ कामही करता येते. पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर परमिट त्या तारखेपर्यंतच दिले जाते, त्यामुळे पासपोर्टचे नूतनीकरण शेवटच्या सत्रापूर्वीच उरकून घे.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमक्या त्याच बाबतीत हुशार विद्यार्थीही गाफील राहतात. अनुभव कोणत्याही कामाचा चालत नाही. कॅनडाच्या व्यवसाय वर्गीकरणात टीअर ० ते ५ अशा पायऱ्या आहेत आणि त्यांपैकी ० ते ३ या पायऱ्यांवरचे कामच धरले जाते. कॅशियरचे काम टीअर ५ मध्ये येते, म्हणून ते दोन वर्षे केले तरी या योजनेत त्याचा उपयोग नाही. दुकानातल्या पर्यवेक्षकाचे काम मात्र टीअर २ मध्ये आहे. अर्ज तपासणारे अधिकारी हे पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कर्तव्ये पाहतात, त्यामुळे नोकरी स्वीकारतानाच त्या व्यवसायाचे वर्णन वाचून आपली कामे त्याच्याशी जुळतात का, ते तपासून घ्यावे. पूर्ण वेळ विद्यार्थी असताना केलेले काम आणि स्वयंरोजगार या १५६० तासांत मोजले जात नाहीत. आठवड्याला तीस तासांहून अधिक काम केले तरी वर्ष लवकर भरत नाही, कारण आठवड्याला तीसच तास धरले जातात. प्रत्येक नोकरी सोडताना कर्तव्ये, तास, पगार आणि तारखा नमूद केलेले पत्र कंपनीकडून मागून घे. दोन वर्षांनी तिथला व्यवस्थापक बदललेला असतो आणि मग तेच पत्र मिळवणे कष्टाचे होते.

अनुभव झाला की एक्स्प्रेस एंट्री या पीआरसाठीच्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेत प्रोफाइल भरायचे. तिथे १२०० पैकी गुण मिळतात आणि वरच्या गुणांच्या उमेदवारांना बोलावणे येते. वयाचे सर्वाधिक गुण २० ते २९ या वयात असतात व तिशीपासून ते उतरत जातात. वय तुझ्या हातात नाही, पण भाषा आहे. प्रवेशासाठी दिलेली आयईएलटीएस अकॅडमिक ही इंग्रजीची परीक्षा इथे चालत नाही, जनरल ट्रेनिंगच द्यावी लागते, आणि तिचा निकाल दोन वर्षेच ग्राह्य असतो. त्या परीक्षेत लेखनाला ७ ऐवजी ६.५ बँड (गुणश्रेणी) पडला, तर बाकी सर्व उत्तम असलेल्या अविवाहित मास्टर्स पदवीधराचे एक्स्प्रेस एंट्रीत किमान ८ गुण जातात. अर्ध्या बँडची ही किंमत लक्षात घेता, परीक्षेची फी पुन्हा भरावी लागली तरी ती भरण्यात कुचराई करू नये.

२०२५ मध्ये कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासच्या ड्रॉमध्ये, म्हणजे बोलावणी पाठवण्याच्या फेऱ्यांमध्ये, कटऑफ ५०० च्या वरच राहिला, तर फ्रेंच जाणणाऱ्यांच्या ड्रॉमध्ये तो त्याहून बराच खाली होता. अभ्यासाच्या पहिल्या सत्रापासून फ्रेंच शिकायला घेतलेस, तर परमिट संपण्यापूर्वी आवश्यक पातळी गाठणे शक्य आहे. मेहनत मोठी आहे, पण गुण वाढवण्याचा इतका भरवशाचा दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही. प्रांताचे नामांकन मिळाले, म्हणजे एखाद्या प्रांताने पीआरसाठी तुझे नाव सुचवले, तर थेट ६०० गुण वाढतात, मात्र प्रांतांचे निकष सतत बदलतात, म्हणून केवळ त्याच आशेवर शहर निवडू नये. अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांची योजना वेगळी आहे: तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेत किमान दोन वर्षे शिकून पदवी घेतलेल्याला, त्या योजनेत नोंदलेल्या कंपनीची नोकरी मिळाल्यास, आधीच्या अनुभवाची अट नसते. क्विबेक प्रांत आपले स्थलांतरित स्वतःच निवडतो आणि तिथले नियम स्वतंत्र आहेत.

तुला एका गोष्टीची सक्त ताकीद द्यायची आहे. पैसे घेऊन नोकरीचे पत्र किंवा अनुभवाचा दाखला देणारे लोक तुला भेटतील. नोकरीच्या प्रस्तावाला मिळणारे जादा गुण सरकारने मार्च २०२५ मध्ये काढून टाकले, त्यामागे हा गैरव्यवहार रोखणे हाही हेतू होता. खोटी माहिती आढळली तर पाच वर्षे कॅनडात प्रवेशबंदी होते, आणि अर्ज सल्लागाराने भरला होता ही सबब चालत नाही. सल्लागार नेमायचाच असेल तर त्याचे नाव इमिग्रेशन सल्लागारांच्या अधिकृत नियामक संस्थेच्या नोंदवहीत शोध, आणि सही करण्यापूर्वी अर्जाचे प्रत्येक पान स्वतः वाच.

२०२५ साठी पूर्वी ५ लाख नव्या स्थायी रहिवाशांचे लक्ष्य ठरले होते, ते ३ लाख ९५ हजारांवर आणले गेले. स्पर्धा वाढली आहे ती यामुळेच. म्हणून घरच्यांना पीआर नक्की मिळेल असा शब्द देऊ नकोस, आणि शैक्षणिक कर्ज ठरवताना पीआर न मिळाल्यासही ते फेडता येईल एवढेच घे.

दोन्ही अभ्यासक्रमांची नेमकी मुदत, तुझ्या पासपोर्टची अंतिम तारीख आणि आयईएलटीएसचे चारही बँड मला कळव. ते मिळाल्यावर पहिल्या सत्रापासून परमिट संपेपर्यंतचे वेळापत्रक आपण मिळून मांडू.

कळावे,
तुझा शुभचिंतक