सकाळी चालू न होणारी स्कूटर आणि पाच जॉबकार्डं

धायरीच्या एका ताईंनी विचारलं आहे: "गेल्या दसऱ्याला कर्ज काढून नवी स्कूटर घेतली. मी घरी डबे करते आणि नऱ्हे-आंबेगावच्या विद्यार्थ्यांना स्वतः पोचवते. दिवाळीपासून गाडी सकाळी चालू होत नाही. सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. दहा-बारा वेळा मारल्यावर कधी चालू होते, कधी नाही. एकदा झाली की दिवसभर काही तक्रार नाही. शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला पाच वेळा नेली, तिथे पहिल्याच सेल्फला चालू होते. कधी प्लग साफ केला, कधी बॅटरी चार्ज केली. आता म्हणतात पेट्रोल खराब आहे. वर, बाहेरच्या मेकॅनिककडून प्लग साफ करून घेतलात आणि गाडी धंद्याला वापरता, म्हणून वॉरंटीही नाही. गाडी बदलून मागता येईल का? हप्ते थांबवू का?"

ताई, हप्ते थांबवू नका. कर्ज देणाऱ्या कंपनीशी झालेला करार वेगळा आहे, गाडी बिघडली म्हणून तो सुटत नाही. हप्ते थकले तर दंड लागेल, सिबिल बिघडेल आणि शेवटी गाडी ओढून नेतील. जिची तपासणी व्हायला हवी तीच गाडी हातात राहिली नाही, तर तक्रार कशाच्या जोरावर चालवायची?

आता धंद्याच्या वापराचं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक धरला जात नाही, हे खरं आहे. पण त्याच कलमाखाली, 2(7) खाली, स्पष्टीकरण दिलेलं आहे: केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स निकालात हे समजावताना स्वतःची रिक्षा स्वतः चालवून पोट भरणाऱ्याचं उदाहरण दिलं आहे. तो ग्राहक, तर स्वतःच्या हातचे डबे स्वतः पोचवणारी बाईही ग्राहकच. शोरूमच्या काउंटरवर कुणी काहीही म्हणो, तुम्ही ग्राहक आहात. वॉरंटीच्या पुस्तिकेत धंद्याच्या वापराबद्दल वेगळी अट आहे का, ते मात्र वाचून पाहा, कारण तो मुद्दा निराळा आहे. तशी अट नसेल तर शोरूमला ती तोंडी घालता येत नाही.

मेकॅनिकने प्लग साफ केला, यावरून सगळी वॉरंटी गेली असं म्हणणंही पटण्यासारखं नाही. ज्या कामामुळे बिघाड झाला, त्या कामापुरता आक्षेप घेता येईल. तुमची तक्रार तर मेकॅनिककडे जाण्याच्या आधीपासूनची आहे, आणि पहिल्या जॉबकार्डावरची (गाडी घेताना सेंटर तक्रार आणि काम लिहितं त्या कागदावरची) तारीख तेच सांगेल. तरी यापुढे बाहेर कुणालाही गाडी उघडू देऊ नका.

आता खरा प्रश्न. "सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही" हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे. सेल्फ फिरतच नसता, नुसता टक-टक आवाज येत असता, तर बॅटरी, तिचे सैल किंवा गंजलेले टर्मिनल, रिले किंवा ब्रेकचा स्विच यांच्यावर संशय गेला असता. बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा वेगळी असते, त्यामुळे भांडणही दुसरीकडे गेलं असतं. इथे सेल्फ फिरतोय, म्हणजे बॅटरी बहुधा आपलं काम करते आहे. राहिलं पेट्रोल, हवा आणि ठिणगी. बीएस-6 चे नियम 1 एप्रिल 2020 पासून लागू झाले आणि स्कूटरमध्ये कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. थंड इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं हे आता सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवतात. रात्रभरात पंपाचा दाब उतरणं, इंजेक्टरमधून थेंब गळत राहणं, तापमानाच्या सेन्सरने चुकीचा आकडा देणं, यांतल्या कशानेही नेमका हाच त्रास होतो: सकाळी हट्ट, एकदा गरम झाली की शहाणी. मी मेकॅनिक नाही, निदान त्यांनीच करायचं आहे. पण थंड इंजिनाचा दोष गरम इंजिनावर तपासला तर तो सापडणार कसा? तुम्ही गाडी चालवत सेंटरला नेता, ती गरम असते, पहिल्या सेल्फला चालू होते, आणि जॉबकार्डावर "दोष आढळला नाही" असं लिहून येतं. असे पाच कागद ग्राहक आयोगापुढे गेले की ते तुमच्याच विरुद्ध बोलतील.

म्हणून शोरूमला नोटीस पाठवण्याच्या आधी एक काम करा. संध्याकाळी गाडी सेंटरला ठेवा आणि जॉबकार्डावर तुमच्या शब्दांत लिहून घ्या: "रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल्फ फिरतो, इंजिन चालू होत नाही. गाडी रात्रभर थंड ठेवून सकाळी ग्राहकासमोर तपासावी." सर्व्हिस ॲडव्हायझर स्वतःच्या शब्दांत "स्टार्टिंग प्रॉब्लेम" एवढंच लिहायला निघाला तर अडवा. लिहायला तयार नसेल तर तिथूनच शोरूमला आणि कंपनीच्या ग्राहक कक्षाला ईमेल करा. सकाळी शटर उघडायच्या वेळेला हजर राहा, पहिला सेल्फ तुमच्यासमोर मारायला लावा आणि मोबाईलवर सलग चित्रण करा. त्यात मीटरवरचा किलोमीटरचा आकडा आणि इंजिनचा दिवा दिसू द्या. साईड स्टँड वर आहे, ब्रेक दाबलेला आहे, किल स्विच (इंजिन बंद करणारं बटण) असेल तर तो बरोबर जागी आहे, हेही त्यात येऊ द्या. समोरचा वकील उलटतपासणीत पहिल्यांदा तेच विचारतो. स्कॅनर लावून साठलेले एरर कोड वाचायला सांगा आणि त्या पडद्याचा फोटो मागा.

पेट्रोल खराब आहे म्हणतात तर तेही जॉबकार्डावर लिहू द्या आणि टाकीतला नमुना तुमच्यासमोर सीलबंद करायला सांगा. पुस्तिकेत ई20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालतं असं छापलं असेल तर "हल्लीचं पेट्रोलच तसं आहे" हा बचाव टिकत नाही. भेसळीची शंका असेल तर पंपावर फिल्टर पेपरची आणि घनतेची तपासणी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण एक गोष्ट बघा. पेट्रोल खराब असतं तर गाडीने बहुधा दुपारीही कधीतरी त्रास दिला असता.

गाडी बदलून मिळण्याबद्दल तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये सांगितलं, की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल तर तेवढंच मिळेल, अख्खी गाडी नाही. दुसऱ्या बाजूला, फियाट मोटारीच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने तांत्रिक तज्ज्ञाला मूळ उत्पादनातलाच दोष सापडला तर किंमत परत करण्याचा मार्ग मोकळा ठेवला. दोन्हींमधला फरक तज्ज्ञाच्या अहवालाचा आहे. म्हणून मागणी दोन पायऱ्यांत करा: ठरलेल्या मुदतीत सदोष भाग बदलून दोष कायमचा काढा, ते जमत नसेल तर गाडी बदला किंवा व्याजासह पैसे परत करा. शिवाय डबे पोचवायला रिक्षा केली त्याचे पैसे आणि मनस्तापाची भरपाई. रिक्षाचा हिशोब आजपासून वहीत लिहा.

स्पीड पोस्टाने, नोंदणी (रजिस्ट्रेशन) आणि पोचपावतीसह, शोरूमला आणि उत्पादक कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, दोघांनाही पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. एकालाच पाठवलीत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवील. त्याच दिवशी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. बरीच भांडणं तिथेच मिटतात.

नाही मिटलं तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. बिलाखाली "न्यायक्षेत्र मुंबई" किंवा आणखी काही छापलेलं असलं तरी बिचकू नका, कलम 34 प्रमाणे तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील नेमलाच पाहिजे असं नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षं. तुम्ही ती दिवाळीतल्या पहिल्या बिघाडापासून मोजा, शेवटच्या जॉबकार्डापासून नको. तक्रारीसोबतच कलम 38 खाली योग्य प्रयोगशाळेकडून गाडी तपासून घेण्याचा अर्ज द्या. तपासणीचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागेल, ते टाळू नका. वाहन तपासणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून आपल्या पुण्यातच आहे. तिचं नाव सुचवता येईल, कोणाकडे पाठवायचं ते आयोग ठरवेल. तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, मनाची तयारी ठेवा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की प्लग-बॅटरीच्या कामाचे पैसे भरल्याशिवाय गाडी सोडत नाहीत आणि "काम समाधानकारक" या कागदावर सही मागतात. उद्याचे डबे अडत असतील तर पैसे भरा, बिलावर "हरकत राखून भरले" असं लिहा आणि फोटो काढा. समाधानाच्या कागदावर सहीच्या वर लिहा: "सकाळी थंड गाडी चालू करून पाहिलेली नाही." तेवढं लिहू देत नसतील तर सही न करता या, आणि सही का केली नाही हे त्याच रात्री ईमेलने कळवा.