शुक्रवारचा ताप आणि वेल्डिंगचा धूर

प्रश्न : माझे मिस्टर भोसरीत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये चौदा वर्षं वेल्डिंग करतात. सुट्टी गुरुवारी. जीआय पाइपचं काम असलं की शुक्रवारी रात्री थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. मलेरियाची तपासणी दोनदा केली, काही निघालं नाही. शेडमधले म्हणतात, गूळ खा, दूध पी. तोंडाला रुमाल बांधतात, तेवढं पुरे का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : ताई, तुम्ही वार लिहिलात हे फार बरं केलंत. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगच्या आचेनं त्याची वाफ होते, ती हवेत गार होताच जस्ताच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते छातीत गेले की काही तासांनी हुडहुडी भरते. रोजच्या धुराला शरीर थोडं सरावतं, सुट्टीत तो सराव मोडतो, म्हणून पहिल्याच दिवशी ताप. तो बहुधा दिवस-दीड दिवसात उतरतो. जास्त टिकला किंवा धाप लागली, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

मला खरी काळजी रोजच्या धुराची वाटते. यातले बरेच कण 100 नॅनोमीटरहून लहान असतात. आपला केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड. जाडसर धूळ नाकाघशात अडकते, खाकरलं की पडते. हे कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत, पोचतात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशींना ते नीट उचलता येत नाहीत, सूज धुमसत राहते, काही कण रक्तातही उतरतात. वेल्डरना न्यूमोनियाचा धोका जास्त असतो, म्हणून त्याच्या लशीबद्दल जरूर विचारा. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत धरला. स्टेनलेस स्टीलच्या धुरात तर क्रोमियम आणि निकेलही असतं.

माझे वडीलही गेट-ग्रिलची कामं करायचे. ते घरी आले की आई आधी गुळाचा खडा हातावर ठेवायची. तिची माया खरी होती, पण गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात बसतो.

रुमालाची वीण या कणांना फार मोठी. एन-95 मास्क घ्या. इतके बारीक कण हवेत सरळ जात नाहीत, सैरावैरा हलतात आणि मास्कच्या धाग्यांना चिकटतात, म्हणून तो अडवतो. दाढी वाढलेली असेल तर कडेनं हवा शिरते. जोडाजवळून धूर ओढणारा एक्झॉस्ट सगळ्यात चांगला. तो नसेल तर पंखा बाजूनं लावा, म्हणजे धूर तोंडावरून जाणार नाही. वाकून धुरात डोकं घालू नये.

त्यांची फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, एकदा करून घ्याच. जाताना रॉडचं रिकामं पाकीट बरोबर न्या. रॉड कोणता ते डॉक्टरांना त्यावरून कळेल.