उत्तर: प्रमाणपत्र नसताना ‘शिक्षक’ म्हणवून घ्यावं का?

इतकी वर्षं प्रौढांना इंग्रजी शिकवताय आणि कोणी विचारलं की ‘जरा क्लास घेतो’ म्हणून विषय बदलता, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि राहवलं नाही. मीही हेच करायचे.

इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र केंब्रिजचं सेल्टा घ्यावं की ट्रिनिटीचं, या वादात शिरत नाही. मला सगळ्यात महागात पडलं ते अनुभवाचं पत्र. मी शिकवत होते त्या संस्थेच्या वेळापत्रकात माझं नाव ‘शिक्षक’ या रकान्यात असायचं. बी१ची, म्हणजे इंग्रजीच्या मधल्या पातळीची, अख्खी बॅच माझ्याकडे, पेपर काढणं-तपासणंही माझ्याकडेच. सोडताना हातात पडलेल्या पत्रात मात्र ‘भाषा सहायक’. ना तास, ना पातळी. ‘वर्तणूक समाधानकारक’ तेवढं होतं. ऑफिसचं एकच पालुपद: प्रमाणपत्राशिवाय सिस्टीम ते पदनाम घेत नाही. तास घेताना सिस्टीमला काही अडचण नव्हती! पुढच्या ठिकाणी माझा अनुभव शून्य धरला आणि पगार नवख्याचा लावला.

म्हणून पत्र नोकरीत असतानाच मागा. तुमची गरज असते तोवरच ऑफिस ऐकतं. पदनामावर अडून बसू नका. पातळी, एकूण तास, पेपर कोण काढायचं, हे लिहून घ्या. तेही मिळत नसेल तर स्वतःची नोंदवही ठेवा आणि दर सत्राला वरिष्ठांची सही घ्या. विद्यार्थ्यांचं सुरुवातीचं आणि शेवटचं लेखन, त्यांना विचारून, नावं झाकून जपा. आधीच्या पानावर भूतकाळी क्रियापदांचा पत्ता नाही आणि नंतरच्या पानावर तक्रारीचं नीट पत्र, हे मुलाखतीत मांडता येतं.

‘१२० तासांचं’ ऑनलाइन प्रमाणपत्र घाईने घेऊ नका, हे माझं वैयक्तिक मत. सेल्टाही साधारण १२० तासांचाच, पण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक मागे बसून टिपणं काढतात. ऑनलाइनवाल्यांनी आकडा उचलला, ते ६ तास गाळले. काही ठिकाणी अर्ज पुढे सरकायला असं ऑनलाइन प्रमाणपत्रही पुरतं, नाही असं नाही. टीकेटी या केंब्रिजच्या शिक्षकांसाठीच्या लेखी परीक्षेला आधीची कुठलीही पात्रता लागत नाही, पण तिथे शिकवणं तपासत नाहीत.

देशोदेशी नियम वेगळे, तेव्हा जिथे अर्ज करणार तिथे आधी विचारा. ओळख करून देताना ‘जरा’ गाळा आणि ‘प्रौढांना बी१-बी२ शिकवतो’ असं सांगा. आणि हो, पत्राचा मसुदा स्वतःच टाइप करून न्या. ऑफिसला कंटाळा असतो, बऱ्याचदा तसाच छापून सही करतात.