बटणावरचं चित्र जातं कुठे?

प्रश्न : आमच्या किराणा दुकानासाठी मी पायथनमध्ये टीकिंटर (पडद्यावर खिडक्या-बटणं काढायची पायथनची सोय) वापरून बिलाचा प्रोग्रॅम केला आहे. ‘जतन करा’ आणि ‘छापा’ या बटणांवर आयकॉन टाकले. बटण दाबलं की काम होतं, पण आयकॉनच्या जागी कोरा चौकोन. एररही येत नाही. तेच चित्र फंक्शनच्या बाहेर लोड केलं की दिसतं! शिवाय चित्र टाकल्यापासून बटणावरची अक्षरं गायब आहेत.
– एक वाचक, सांगली

उत्तर : फंक्शनच्या बाहेर दिसतं म्हणालात, तिथे तुम्हीच चोर पकडून दिलात. बटणाकडे खुद्द चित्र नसतंच. ‘पायइमेज1’ असं काहीतरी नुसतं नाव असतं. फंक्शन संपलं की आतला व्हेरिएबल जातो, चित्राला वाली उरत नाही. पायथन ते मोडीत काढतो आणि जाता जाता ‘टीके’लाही (टीकिंटरच्या मागे बसून बटणं रंगवणारी यंत्रणा) ते पुसायला लावतो. बटण बिचारं नाव धरून बसतं. वापरातलं चित्र पुसलं तरी टीके तक्रार करत नाही, मग एरर येणार कुठून?

उपाय एका ओळीचा. बटण तयार झालं की खाली लिहा : बटण.चित्र = चित्र. (हो, देवनागरीतच. पायथन 3 ला अशी नावं चालतात.) क्लास वापरत असाल तर चित्र सेल्फवर ठेवा, म्हणजे self.चित्र = चित्र. बटण आहे तोवर चित्र जिवंत राहिलं पाहिजे, एवढंच.

अक्षरांसाठी बटणाच्या ‘कंपाउंड’ या पर्यायाला ‘लेफ्ट’ द्या. चित्र डावीकडे, मजकूर शेजारी. नुसत्या आयकॉनवर भागवायचा मोह मात्र टाळाच. ‘ओळ काढा’ आणि ‘बिल रद्द’ या दोन्हींवर लाल फुली असली, तर संध्याकाळच्या गर्दीत गल्ल्यावरचा माणूस अख्खं बिल उडवणार. पाच-सहा बटणांचा तर प्रोग्रॅम, जागा वाचवून करायचंय काय?

चित्र पीएनजी घ्या, टीके 8.6 पासून ते थेट चालतं, जेपीजीला पिलो ही चित्रांची वेगळी लायब्ररी लागेल. 512 पिक्सेलचं चित्र टीकिंटरच्या ‘सबसॅम्पल’ने 32 वर आणता येतं, पण तो मधले पिक्सेल सरळ गाळतो आणि बारीक रेघा तुटतात. त्यापेक्षा गिंपसारख्या चित्रांच्या प्रोग्रॅममध्येच 32 चं करून घ्या.

आणि बटणाला रुंदी 10 दिली असेल, तर ती आधी बघा. नुसत्या अक्षरांच्या बटणावर ती अक्षरांत मोजली जाते, चित्र आलं की पिक्सेलमध्ये. दहा पिक्सेलमध्ये ‘जतन करा’ मावत नाही.